फाईल आली, अक्षर आले नाही : कोल्हापुरातील एका छापखान्याच्या संगणक-स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातील शुक्रवार पेठेत एक लहान छापखाना आहे. लग्नपत्रिका, तालीम मंडळांचे गणेशोत्सवाचे जमाखर्च, गावोगावच्या दूध संस्था व विकास सेवा सोसायट्या यांचे वार्षिक अहवाल, पावतीपुस्तके आणि हॅण्डबिले ही तेथील नेहमीची कामे आहेत. मालकांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि त्यांनी या धंद्याची सुरुवात शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्यापासून केली. हिशेब व गिऱ्हाईक त्यांची मुलगी पाहते. संगणकावरील अक्षरजुळणीचे काम गेली सोळा वर्षे एकच ताई करीत आहेत. या तिघांच्या संमतीने, परंतु त्यांची व छापखान्याची नावे न देता, मी हे प्रकरण येथे मांडत आहे, कारण जुन्या संगणकावरून निराळ्या कार्यप्रणालीवर जाताना मराठी छापखान्याला जी अडचण येते ती इंग्रजीत काम करणाऱ्या कार्यालयाला येत नाही आणि त्यामुळे स्थलांतराच्या सर्वसाधारण मार्गदर्शनात तिचा उल्लेखही नसतो.

छापखान्यातील मुख्य संगणक २०१० सालचा होता. त्यावर विंडोज ७ होते, ३२० जीबीची हार्ड डिस्क होती आणि पेजमेकर ७ हे पानरचनेचे सॉफ्टवेअर होते. विंडोज ७ चा सुरक्षा-आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला होता, तरीही संगणक इंटरनेटला जोडलेलाच होता, कारण पत्रिकेचा नमुना गिऱ्हाइकाला ईमेलने त्यावरूनच जात असे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत तो संगणक माडीवर उचलून न्यावा लागला होता. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळील धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि नदी त्या आकड्याजवळ आली की या भागातली माणसे प्रथम कागदपत्रे उचलतात. छापखान्याची वीस वर्षांची सर्व कामे मात्र त्या एका डब्यात होती आणि त्याची दुसरी प्रत शहरात कोठेही नव्हती.

२०२५ च्या पावसाळ्यात संगणक सुरू होण्यास दहा-बारा मिनिटे लागू लागली. मुलीने एका कार्यालयातून निघालेले दोन वापरलेले संगणक घेतले. त्यांतील प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचे होते. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, तर विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार होता. म्हणजे नवे म्हणून घेतलेले संगणकही विंडोजच्या दृष्टीने जुनेच ठरत होते. यंत्रे मजबूत होती, टाकून देण्यासारखी नव्हती, म्हणून त्यांवर लिनक्स मिंट ही विंडोजहून निराळी, मोफत कार्यप्रणाली बसवण्याचा निर्णय झाला. सप्टेंबरअखेर संस्थांच्या वार्षिक सभा उरकतात आणि तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते. या दोन हंगामांमधल्या मोकळ्या दिवसांत काम करावयाचे ठरले आणि तेव्हा मला बोलावण्यात आले.

मी येण्यापूर्वी मुलीने स्वतः एक प्रयत्न केला होता. तिने पेनड्राइव्हवर फोल्डर ओढून टाकले होते. पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने आखलेला असल्याने त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाईल बसत नव्हती. जुन्या छायाचित्रांच्या स्कॅनची एक मोठी गठडी त्यामुळे मागे राहिली होती. दुसरी गोष्ट अशी की फोल्डरांची झिप करताना विंडोज ७ ने मराठी नावाच्या फाईली घेण्यास नकार दिला होता, कारण त्या आवृत्तीतील अंगभूत झिप सोयीला देवनागरी नावे पेलत नाहीत. संगणकाने दर वेळी चौकट दाखवली होती आणि गडबडीत 'वगळा' हे बटण दाबले गेले होते. काय वगळले याची नोंद राहिली नव्हती. तो पेनड्राइव्ह मी बाजूला ठेवला आणि मुळापासून सुरुवात केली.

सर्वप्रथम हार्ड डिस्कची प्रकृती पाहिली. डिस्क स्वतःच्या बिघाडाची जी नोंद ठेवते, तिच्यात वाचता न येणारे काही सेक्टर, म्हणजे डिस्कवरील साठवणीचे लहान कप्पे, दिसत होते. अशा डिस्कवरून एकेक फाईल उचलणे धोक्याचे असते, कारण खराब जागेपाशी डिस्कचा वाचक पुन्हा पुन्हा घासत राहतो आणि तेवढ्यात चांगला भागही हातचा जाऊ शकतो. म्हणून डिस्क बाहेर काढून जीएनयू डीडीरेस्क्यू या साधनाने तिची जशीच्या तशी प्रतिमा घेतली. हे साधन आधी चांगला भाग उचलून घेते, अडलेल्या जागा नकाशात नोंदवते आणि शेवटी त्या जागांपाशी परत जाते. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा वीजपुरवठा लागतो, तो यूएसबीतून मिळत नाही. अनेक जण साधी केबल आणून डिस्क फिरत नाही म्हणून ती मेली असे समजतात, एवढ्यासाठी हे लिहिले. प्रतिमा घेऊन झाल्यावर तीच एका नव्या एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर, उतरवली आणि ती एसएसडी जुन्या संगणकात बसवली. जुने यंत्र अशा रीतीने पूर्ववत चालू राहिले आणि मूळ डिस्क कापडात गुंडाळून ठेवून दिली. जुन्या संगणकाची इंटरनेटची केबल त्याच दिवशी काढली. हे यंत्र पुढे किती उपयोगी पडणार आहे याची त्या वेळी मलाही पूर्ण कल्पना नव्हती.

येथे माझ्या पडताळणीतील एक उणीव सांगितली पाहिजे. प्रतिमेतून सुमारे १४० जीबीच्या फाईली नव्या संगणकावर उतरवल्यानंतर मी दोन्हीकडच्या प्रत्येक फाईलची शा-२५६ ही, फाईलच्या आशयावरून काढली जाणारी ओळख-संख्या काढून ताडून पाहिली. सर्व संख्या जुळल्या आणि मी काम बिनचूक झाल्याचे मुलीला सांगितले. परंतु ही संख्या एवढेच सिद्ध करते की दुसरी प्रत पहिल्या प्रतीसारखी आहे. पहिल्या प्रतीतच, म्हणजे प्रतिमेत, खराब सेक्टरांच्या जागी रिकामी छिद्रे होती, आणि ती छिद्रेही इमानाने नक्कल झाली होती. दुसऱ्या दिवशी ताईंनी एका देवस्थानच्या पावतीपुस्तकाची फाईल उघडली, ती अर्ध्यावर तुटली, तेव्हा हे लक्षात आले. मग डीडीरेस्क्यूच्याच एका सोयीचा उपयोग करून प्रतिमेच्या वेगळ्या प्रतीत सर्व खराब जागांवर एक ठरावीक खुणेचा मजकूर भरला आणि ती खूण कोणकोणत्या फाईलींत सापडते ते शोधले. अकरा फाईली निघाल्या. त्यांतील सात ताईंनी २०१४ च्या सुमारास लिहून ठेवलेल्या डीव्हीडींवर मिळाल्या. चार गेल्या. त्या चारही कामांच्या छापील प्रती मालकांच्या कपाटात होत्या.

नावांचा प्रश्न त्यामानाने लहान होता, परंतु मराठी वापरणाऱ्याला तो माहीत असावा. विंडोजच्या एनटीएफएस या फाईली साठवण्याच्या पद्धतीत फाईलच्या नावाची मर्यादा २५५ वर्णसंकेतांची आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीत ती २५५ बाइटांची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागत असल्याने इंग्रजी नावांना दोन्हीकडे सारखीच जागा मिळते. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला युटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सारी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'कोल्हापूर' हा आपल्याला चार अक्षरांचा वाटणारा शब्द नऊ चिन्हांचा असून तो २७ बाइट घेतो. त्यामुळे सुमारे ८५ चिन्हांपलीकडचे मराठी नाव लिनक्सवर बसत नाही. एवढे लांब नाव कोणी देईल असे वाटत नाही, परंतु वर्ड ही प्रणाली नवी फाईल साठवताना तिची पहिली ओळच नाव म्हणून सुचवते, आणि निमंत्रणाची पहिली ओळ म्हणजे कुलदैवतांची नामावळी असते. अशा एकोणीस फाईली अडल्या. त्यांना ताईंनी गिऱ्हाइकाचे गाव व साल अशी आखूड नावे दिली आणि जुने पूर्ण नाव एका वहीत उतरवून घेतले.

तारखांकडे मात्र मी आरंभी पुरेसे लक्ष देणार नव्हतो, आणि ताईंनी ते द्यायला लावले. या छापखान्यात काम शोधण्याची पद्धत नावावरून नसून काळावरून आहे. गिऱ्हाईक येते आणि म्हणते की आमच्या थोरल्याच्या लग्नात केली होती तशीच पत्रिका पाहिजे. मग ताई ते लग्न कोणत्या साली, कोणत्या महिन्यात झाले ते विचारतात आणि फाईल तयार झाल्याच्या तारखेने यादी लावून ती काढतात. फाईली नकलताना शेवटच्या बदलाची तारीख योग्य साधनाने टिकवता येते. त्यासाठी आरसिंक हे साधन तारखा राखण्याच्या सूचनेसह वापरले. परंतु फाईल मुळात केव्हा तयार झाली ती तारीख लिनक्सवर सोबत नेता येत नाही. नव्या डिस्कवर फाईल ज्या दिवशी उतरली तोच तिचा जन्मदिवस ठरतो. म्हणून जुन्या संगणकावर सर्व फाईलींच्या निर्मितीच्या तारखांची एक यादी काढली, ती तक्त्यात घातली आणि तिच्यात महिना, साल, गाव व कामाचा प्रकार असे रकाने केले. पूर्वी हे सारे ताईंच्या स्मरणात होते. त्या रजेवर असल्या की जुनी पत्रिका सापडत नसे.

एवढे सर्व झाले तेव्हा फाईली नव्या संगणकावर पोहोचल्या होत्या, संख्या जुळल्या होत्या, नावे व तारखांची नोंद शाबूत होती. मालक पाहायला आले. एका दूध संस्थेच्या अहवालाची वर्डमधील फाईल उघडली, आणि पडद्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि चौकटी यांची दाटी आली. मालक चष्मा सावरून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "फाईल आली हो, पण अक्षर कुठं आलंय?"

या प्रकरणाचा गाभा या प्रश्नात आहे आणि म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. विंडोजवर मराठीसाठी युनिकोडची, म्हणजे प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला एकच ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीची, सोय २००० सालच्या आवृत्तीपासून आली. विंडोज एक्सपीमध्येही ती वेगळी चालू करावी लागत असे. त्याआधी, आणि पेजमेकर वापरणाऱ्यांच्या बाबतीत त्यानंतरही पुष्कळ वर्षे, मराठीचे काम विशिष्ट फॉन्टच्या बळावर होत असे. पेजमेकर ७ हे २००१ साली आले, २००४ साली त्याचा विकास थांबला, आणि त्याला युनिकोड कळत नव्हते. त्या काळचा मराठी फॉन्ट म्हणजे मूळ इंग्रजी अक्षरांसाठी असलेल्या जेमतेम २५६ जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेला संच होता. फाईलमध्ये 'क' साठवलेला नसतो. तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते, आणि तो फॉन्ट त्या जागी 'क'चे चित्र दाखवतो. फॉन्ट नसेल तर मागे ते रोमन अक्षरच उरते. निरनिराळ्या कंपन्यांनी हे तुकडे निरनिराळ्या जागी बसवले होते, त्यामुळे एका फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या मराठी फॉन्टमध्येही वाचता येत नाही. अक्षरांचे संकेत एकसारखे असावेत म्हणून इस्की हे भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले होते आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आहे, परंतु बाजारातील पानरचनेचा व्यवहार या दोहोंना वळसा घालून पुढे गेला होता.

मालकांना मी हे समजावून सांगू लागलो तेव्हा त्यांनीच ते माझ्यापेक्षा नेमके मांडले. ते म्हणाले की ही खिळ्यांच्या केसची, म्हणजे खिळे ठेवण्याच्या खणांच्या पेटीची, गोष्ट आहे. जुळारी खिळा पाहून उचलत नाही, त्याचा हात खणावर जातो. एका छापखान्यातल्या जुळाऱ्याला दुसऱ्या छापखान्याची केस दिली आणि तिचे खण वेगळ्या क्रमाने भरलेले असले, तर त्याचा हात बरोबर खणात जाईल आणि ओळ मात्र भलतीच जुळेल. फाईलने केवळ खणांचे आकडे आणले आहेत आणि केस जुन्या यंत्रात राहिली आहे. मी याहून चांगले स्पष्टीकरण अद्याप ऐकलेले नाही.

मग ती केस, म्हणजे तो फॉन्ट, नव्या संगणकावर का आणू नये, असा प्रश्न मुलीने विचारला. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य होते. ट्रूटाइप फॉन्टची फाईल लिनक्सवर चालते आणि तसे केल्यास लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अक्षरे दिसली असती. परंतु फॉन्टचा परवाना एका संगणकापुरता होता, ही पहिली अडचण. दुसरी अधिक मोठी अडचण अशी की त्यामुळे फक्त दिसण्याचा प्रश्न सुटला असता. तो मजकूर शोधता आला नसता, वर्णक्रमाने लावता आला नसता, गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर पाठवता आला नसता. पेजमेकरच्या फाईली लिब्रेऑफिसमध्ये उघडण्याची सोय आहे, तीही करून पाहिली. मजकूर व चौकटी येतात, पण मांडणी हलते, आणि पत्रिकेच्या बाबतीत मांडणी हलणे म्हणजे काम पुन्हा करणे. जुने यंत्र आभासी स्वरूपात नव्या संगणकात चालवण्याचाही विचार झाला. जुन्या यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना त्या यंत्रापुरताच असल्याने तो मार्ग सोडून दिला.

त्यानंतर त्या तिघांनी आणि मी बसून फाईलींकडे वेगळ्या नजरेने पाहिले. आतापर्यंत सर्व फाईली सारख्याच मोलाच्या धरून त्या हलवल्या होत्या. आता प्रत्येक गठ्ठ्याला एकच प्रश्न विचारला: हिचा पुढे उपयोग काय? जुन्या लग्नपत्रिकांचा उपयोग नमुना दाखवण्यापुरता असतो, त्यांतला मजकूर पुन्हा लागत नाही. त्यांच्यासाठी जुन्या संगणकावरच, जेथे फॉन्ट जिवंत होता तेथे, फॉन्ट आत गोठवलेल्या पीडीएफ केल्या. पीडीएफमुळे रूप जसेच्या तसे टिकते. तिच्यातून मजकूर उचलू गेल्यास मात्र पुन्हा तीच रोमन अक्षरे हाती येतात, हे ताईंना प्रत्यक्ष करून दाखवले, कारण पीडीएफ झाली म्हणजे सर्व झाले असा समज पुष्कळ ठिकाणी आहे. ताईंनी रोज दुपारच्या निवांत वेळात तीस-चाळीस फाईली अशा रीतीने हातावेगळ्या केल्या.

संस्थांच्या अहवालांचे तसे नव्हते. त्यांचा साचा वर्षानुवर्षे तोच असतो. सभेची सूचना, विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त आणि पोटनियम हा मजकूर दर वर्षी थोडाफार बदलून परत लागतो, आणि सभासदांच्या याद्या तर शेकडो नावांच्या असतात. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणे भागच होते, आणि तेथे खरी मेहनत लागली.

जुन्या फॉन्टमधील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर म्हणजे एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह ठेवणे, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात दोन पद्धतींत अक्षरांचा क्रमच वेगळा असतो. जुन्या फॉन्टमध्ये जे जसे दिसते त्या क्रमाने साठवले जाते: 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग 'क'. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम चालतो: आधी 'क', मग वेलांटी. रफार याच्या उलट आहे. 'वर्ष' या शब्दात जुना फॉन्ट रफार 'ष'नंतर साठवतो, तर युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'ष'च्या आधी येतात. शिवाय जुन्या पद्धतीत 'प' हे अनेकदा अर्धा 'प' आणि उभा दंड अशा दोन तुकड्यांनी बनलेले असते. रूपांतर करणाऱ्या साधनाला हे सर्व ओळखून अक्षरे पुन्हा रचावी लागतात.

आकड्यांनी निराळाच त्रास दिला. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अंक इंग्रजी अंकांच्याच जागेवर बसवलेले असतात, म्हणून '५' आणि त्याचा इंग्रजी भाऊ फाईलमध्ये एकच असतो. कोणता दिसावा हे फॉन्ट ठरवतो. अहवालात ताळेबंदाचे आकडे मराठीत आणि बँकेचा आयएफएससी संकेत, ईमेल पत्ता हे इंग्रजीत असतात. साधा मजकूर काढून रूपांतर केले असता इंग्रजी शब्दांचेही मराठीत रूपांतर होऊन काहीतरी विचित्र अक्षरे तयार होत होती. म्हणून साधा मजकूर न घेता आरटीएफ स्वरूप घेतले, ज्यात कोणता तुकडा कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची नोंद असते, आणि मराठी फॉन्टमधील तुकड्यांचेच रूपांतर केले. इंटरनेटवरील रूपांतराच्या पानांत हा मजकूर डकवण्यास मी नकार दिला. सभासदांची नावे, खातेक्रमांक आणि येणे बाकी रकमा कोणत्याही अनोळखी संगणकावर पाठवण्याचा अधिकार छापखान्याला नाही. सर्व रूपांतर छापखान्यातील संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून केले.

आणि मग मराठीचे स्वतःचे असे एक अक्षर आले. 'शेतकऱ्यांना' या शब्दातील 'र' रफार होत नाही, तो आडव्या पिसासारखा पुढच्या अक्षराला चिकटतो. कोल्हापुरातील संस्थेच्या अहवालात हा शब्द नाही असे पान सापडणे कठीण. रूपांतराच्या साधनाने तो सर्वत्र 'शेतकर्यांना' असा केला होता. हिंदीत हा भेद नसल्याने हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या साधनांत ही चूक सहज राहते. मराठीत त्याने अर्थ बदलतो. 'दऱ्या' डोंगरातल्या आणि 'दर्या' समुद्र. 'आचाऱ्यांना' जेवण करायला सांगतात आणि 'आचार्यांना' प्रवचन. सरसकट शोधून बदलण्याची सोय येथे चालत नाही, कारण 'कार्यालय', 'कार्यकारी', 'पर्याय' या शब्दांत रफारच योग्य आहे आणि तेही त्याच पानावर असतात. संशयित शब्दांची एक यादी संगणकाने काढून दिली आणि प्रत्येक शब्दाचा निकाल माणसाने केला. 'ॲ' हे अक्षरही दोन रीतींनी साठले होते, काही ठिकाणी एक स्वतंत्र चिन्ह म्हणून आणि काही ठिकाणी 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि शोध घेताना एक सापडते तर दुसरे सापडत नाही. ते मात्र एका झटक्यात एकसारखे करता आले.

मुद्रित तपासण्याचे काम मालकांनी स्वतःकडे घेतले. जुन्या छापील अहवालाची प्रत मुलीच्या हाती, रूपांतरित मजकुराचा कागद त्यांच्या हाती, आणि ते मोठ्याने वाचत. "अण्णा, जरा सावकाश," असे मुलगी म्हणे, आणि ते पुन्हा ओळीच्या आरंभापासून सुरू करीत. मी त्यांना सांगितले की सर्व अहवाल तपासण्याची गरज नाही, प्रत्येक संस्थेचा शेवटचा एक पुरे. त्यांनी ते ऐकले, परंतु सभासदांच्या याद्यांना हा नियम लावू दिला नाही. यादीत माणसाचे नाव चुकले तर तो सभेत उठून विचारतो, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. युनिकोडमध्ये आल्यावर याच याद्या प्रथमच आडनावांच्या वर्णक्रमाने लावता आल्या. आतापर्यंत संगणक त्या लावायला गेला की खणांच्या आकड्यांप्रमाणे लावीत असे आणि ताई त्या हाताने नीट करीत.

नव्या कामासाठी पानरचनेचे साधन म्हणून स्क्रायबस निवडले. त्यात देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळण्याची सोय १.५.३ या आवृत्तीपासून आली आणि २०२४ च्या आरंभी आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती हाताशी आहे. जुनी आवृत्ती पाहून ज्यांनी ते सोडून दिले असेल त्यांनी पुन्हा पाहावे. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' येतो की नाही ते पाहिले. काही फॉन्टमध्ये ही दोन्ही वळणे आत असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय मराठी वळण पुढे येत नाही. पत्रिकेवरचा 'श्री' पाहूनच गिऱ्हाईक पसंती-नापसंती सांगते, त्यामुळे ही बारीक गोष्ट नव्हे. प्रिंटर पहिल्याच दिवशी चालला. हिशेबाचे सॉफ्टवेअर कर सल्लागारांच्या कार्यालयातील संगणकावर असल्याने त्याचा प्रश्न आला नाही.

सर्वांत जड काम ताईंच्या वाट्याला आले आणि ते कोणत्याही फाईलचे नव्हते. सोळा वर्षे त्यांची बोटे टंकलेखन यंत्राच्या कळपाटावर चालली होती. त्यांना वेलांटी आधी आणि अक्षर मागून देण्याची सवय होती. नव्या संगणकावर इन्स्क्रिप्ट कळपाट घेतला. त्यात स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला आहेत, आणि वेलांटी अक्षरानंतर द्यावी लागते. पहिले पंधरा दिवस त्यांचा वेग निम्म्याहून कमी झाला. त्या दिवसांत मालकांनी एकाही गिऱ्हाइकाला घाईची तारीख दिली नाही, आणि माझ्या मते या स्थलांतरातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, कारण ताई खचल्या असत्या तर छापखाना जुन्या यंत्राकडे परत गेला असता. ज्या पिसासारख्या 'र'ने एवढा त्रास दिला, तो इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून 'र'च्याच कळीवर मिळतो. त्यांना तो सापडला त्या दिवशी त्यांनी एका कागदावर 'शेतकऱ्यांना' हा शब्द मोठ्या टाइपात छापून कळपाटाच्या वर भिंतीला चिकटवला.

आज परिस्थिती अशी आहे. सर्व मूळ फाईली, त्यांच्या पीडीएफ आणि चालू संस्थांचा युनिकोड मजकूर नव्या संगणकांवर आहे. त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर असून ती डिस्क मुलीच्या राजारामपुरीतील घरी, पुराच्या पाण्यापासून दूर राहते आणि दर शनिवारी छापखान्यात येऊन सायंकाळी परत जाते. पेजमेकरमधील सुमारे तीन हजार जुन्या कामांच्या पीडीएफ अद्याप व्हायच्या आहेत. त्यासाठी जुना संगणक माडीवर, इंटरनेटविना, टेबलावर मांडून ठेवला आहे, आणि ताई दुपारी चहानंतर तास-दीड तास त्याच्यापुढे बसतात. मालकांनी त्याच्या शेजारी खिळ्यांची एक जुनी केस आणून ठेवली आहे. तिचे खण अजून भरलेले आहेत.